पावसाच्या देशात ठिबक

कंपनीनं आफ्रिका म्हटलं तेव्हा मला वाटलं वाळवंट असेल.
विमानतळावरच्या अर्जात रकाना होता, येण्याचं कारण.
मी लिहिलं : पाणी.
बाहेर आलो तर पाऊस.

युगांडात तो दुपारी एकदा येतो
आणि जेवणं उरकली की पुन्हा एकदा,
विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखा.
तळ्याकाठी गुलाबांची शेडं,
वर प्लास्टिकवर धो धो,
आणि खाली मी, चिनावलचा लीलाधर भिरूड,
सोळा एमएमच्या नळीला ड्रिपर टोचत बसलेला,
तासाला दोन लिटर, मोजून.
केळीच्या काट्याची जुनी पावतीवही होती जवळ,
तिच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलं :
इथलं गणित गावात सांगू नये.

जेवण नाकातो करायची.
जुळ्यातली धाकटी, म्हणून नाकातो;
नाव विचारलं की अर्धी जन्मकथा कळते.
हिरवी केळी सोलून पानात बांधायची,
वाफेवर ठेवायची, मग पानासकट दाबून मऊ.
आपण पानावर जेवतो, हे लोक पानात शिजवतात,
एवढंच काय ते परदेश, असं पहिल्या आठवड्यात वाटलं.

एकदा मी भरीत केलं.
वांगी बारकी, मिरची नुसती लाल दिसायला,
कोळसा निलगिरीचा.
सगळ्यांनी बोटं चाटली. मला मात्र
तुराटीचा धूर कुठे राहिला ते कळत होतं.

तिनं विचारलं, तुमच्याकडे केळी होतात?
मी हसलो. म्हटलं, नजर थकेल एवढी.
सावद्याहून ट्रक भरतात, दिल्ली, श्रीनगर,
घडांमध्ये फोम घालतो, डाग पडू नये म्हणून.
बरं, आणि खाता कशी?
मी म्हटलं, विकतो.
ते कळलं. खाता कशी?
मग सांगावंच लागलं :
डागी निघाली, व्यापाऱ्यानं बाजूला काढली,
तर घरी येतात.
ती हसायला लागली, आणि मध्येच थांबली,
आणि न विचारता माझ्या ताटात अजून वाढलं.

जिंजाला सगळे जातात, नाईल निघते तिथे.
मीही गेलो, फोटो काढले, ओला झालो.
नावाडी म्हणाला, हे पाणी समुद्राला पोचेल तीन महिन्यांनी.
मी म्हटलं, आमची तापी उलटी जाते,
बाकीच्या नद्या पूर्वेला,
हिला मात्र सूर्य बुडतो तिकडेच जायचं असतं.
मोठी आहे?
हतनूरला अडवली आहे, मग कसं सांगणार.
आमचीही अडवली आहे, तो म्हणाला.
थोडा वेळ दोघं गप्प बसलो,
लग्नात भेटलेल्या लांबच्या सोयऱ्यांसारखे.

त्यांच्याकडे एक शब्द आहे, कुलिकायो.
कोणी प्रवासाहून परत आलं की म्हणतात.
गावाहून आला, कुलिकायो.
बाजारातून आला, तरी कुलिकायो.
मी नुसता कंपालाहून पाइप घेऊन यायचो
आणि फाटकावरचा म्हातारा उठून उभा राहायचा.

सावदा स्टेशन, पहाटे चार.
चुडामण मोटरसायकल घेऊन आलेला.
किती सुटले रे भो?
पारावर तेच, पतपेढीत तेच.
सिंह पाहिला का, असं एका पोरानं विचारलं,
नाही म्हटल्यावर तेही गेलं.

लाइट रात्री तीनला येते, म्हणून मळ्यात झोपलो.
नळ्या फुसफुसल्या, थेंब सुरू झाले.
वर आभाळ कोरडं, चांदण्यांनी भरलेलं.
उजाडल्यावर विळा घेतला आणि
एका पोसलेल्या घडाची वरची फणी कापली.
बायको धावत आली,
येड लागलं का तुम्हाले? परवा कटाई आहे!

पानात बांधून वाफवलं.
आपली जात वेगळी, चिकट झालं, मीठही जास्त.
ती म्हणाली, असलं खायला एवढ्या लांब गेले होते?
आणि खाल्लं.

वहीतलं शेवटचं पान :
पहिली फणी, घरी.
वजन केलं नाही.